गाठ मोठी, रिपोर्ट मात्र ‘थोडा वाढलेला’! पिट्युटरीच्या तपासणीत नेमके चुकते कुठे?

नागपूर : एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीत तीन-चार सेंटिमीटरची गाठ दिसते. रक्तातील प्रोलॅक्टिन मात्र ६०-७० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. महिलांमध्ये साधारण २५पर्यंतचे प्रमाण सामान्य मानले जाते, म्हणजे वाढ किरकोळच. मग ही गाठ हार्मोन तयार करणारी नाही, असा अर्थ निघू शकतो आणि रुग्णाला शस्त्रक्रिया सुचवली जाते. प्रत्यक्षात तो प्रोलॅक्टिनोमा असेल, तर बहुतांश रुग्णांत कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच काम भागते.

प्रमाण इतके, की यंत्रच फसते

तपासणीत हार्मोन दोन अँटिबॉडींच्या मध्ये पकडले जाते. एक त्याला धरून ठेवते, दुसरी संकेत देते. हार्मोन हजारोंच्या घरात गेले, की दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंवर अडकतात. जोडी जुळत नाही आणि आकडा खाली येतो. यालाच ‘हूक इफेक्ट’ म्हणतात. यंत्र बिघडलेले नसते, त्यामुळे रोजच्या क्वालिटी कंट्रोलमध्येही ही चूक सापडत नाही. नव्या यंत्रांत हा धोका कमी झाला आहे, संपलेला नाही. उपाय अगदी साधा : नमुना १०० पट पातळ करून पुन्हा तपासणे. पण चिठ्ठीवर नुसते ‘प्रोलॅक्टिन’ लिहिले असेल, तर लॅबला गाठीचा पत्ता लागणार कसा?

उलटेही घडते. प्रोलॅक्टिन अँटिबॉडीला चिकटून ‘मॅक्रोप्रोलॅक्टिन’ बनले, तर ते शरीरात फारसे काम करत नाही. रिपोर्टमध्ये मात्र आकडा फुगतो. लक्षणे नसताना आकडा वाढलेला असेल, तर पीईजी चाचणीने हे कळते.

केसांची गोळीही सांगा

केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असते. काही यंत्रे बायोटिनच्याच आधारे चालतात. तिथे काही हार्मोन खोटे कमी, तर काही खोटे जास्त दिसतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७मध्ये याबाबत इशारा दिला होता. रक्त देण्यापूर्वी ही गोळी किती दिवस बंद ठेवायची, हे डॉक्टरांना विचारावे.

कुशिंग आजारात पाहिले जाणारे एसीटीएच तर फारच नाजूक. ते ईडीटीएच्या नळीत, बर्फात ठेवून, लवकर वेगळे करावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना नळी तशीच राहिली, तर हार्मोन विघटित होऊन आकडा घसरतो. मग दोष पिट्युटरीत असूनही शोध सुरू होतो तो मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत.