लक्षद्वीपवर एकही नदी नाही, मग तिथे पिण्याचं पाणी येतं कुठून?

लक्षद्वीप म्हटलं की निळंशार पाणी आणि पांढरी वाळू आठवते. पण या 36 बेटांवर नदी नाही, डोंगर नाही आणि सगळी जमीन मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर भरते. त्यातल्या 10 बेटांवर 2011 च्या जनगणनेनुसार 64 हजारांहून जास्त लोक राहतात.

ही बेटं आली कुठून? याचा धागा थेट सह्याद्रीशी जुळतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तबिंदूतून निघालेल्या लाव्हाने दख्खनचं पठार घडवलं, तो आज रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उरली, असं भूशास्त्रज्ञ मानतात. ते ज्वालामुखी हळूहळू खचले. त्यांच्या माथ्यावरचे प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वाढत राहिले, त्यातून कंकणाकृती प्रवाळद्वीपं तयार झाली. ही कल्पना चार्ल्स डार्विनने 1842 मध्येच मांडली होती, तीही लक्षद्वीपला न येता!

आता पाण्याचं. प्रवाळाची वाळू सच्छिद्र असते. पाऊस पडला की पाणी वाहून न जाता खाली मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते खालच्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं. भिंगाच्या आकाराचा हा पातळ थर म्हणजेच विहिरीचं पाणी. हाताने शेंदलं तर तो टिकतो, पण पंप लावून जोरात उपसा केला की खालून खारं पाणी वर चढतं. त्यात घराघरातल्या शोषखड्ड्यांची घाण याच थरात झिरपते.

म्हणून 2005 मध्ये कवरत्तीला वेगळा प्रकल्प सुरू झाला. कमी दाबाखाली समुद्राच्या पृष्ठभागावरच्या कोमट पाण्याची वाफ करायची आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्याने ती गार करून गोडं पाणी मिळवायचं. क्षमता, रोज 1 लाख लिटर.

पाण्यापेक्षा मोठी काळजी प्रवाळांची आहे. लाटांचा मारा झेलणारी भिंत तीच, आणि किनाऱ्यावरची वाळूही त्यांचाच चुरा. समुद्र तापल्याने 1998, 2010 आणि 2016 मध्ये इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. बंगारमजवळचं पराली-1 हे निर्मनुष्य बेट तर झिजून नाहीसं झाल्याचं 2017 मध्ये संशोधनातून समोर आलं.