खोबरेल तेल, बोरन्हाण आणि दुधाचा दात

सकाळचे साडेसहा. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात ही वेळ मोठ्या धांदलीची. ओट्यावर चार डबे उघडे, न्हाणीघरापुढे रांग, आणि शाळेची रिक्षा केव्हाही दारात येईल. अशात लेक खोबरेल तेलाची बाटली उलटी धरून हलवते. तेल जागचं हलत नाही. "आजी, तेल थिजलं गं!" आजी बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करते, कडेने तेल सुटलं की वेणी घालायला बसते. दोन मिनिटांचं हे काम, पण त्यात नवल केवढं आहे बघा.

खोबरेल तेल साधारण 24 अंशांना थिजतं. तेलाचा रेणू म्हणजे लांबलांब साखळ्या. खोबरेलातल्या बहुतेक साखळ्या सरळ असतात, त्यामुळे जरा गारठा पडला की त्या एकीला एक लागून चळतीसारख्या बसतात. शेंगदाण्याच्या तेलातल्या बऱ्याचशा साखळ्या मध्येच वाकलेल्या, त्यांची चळत लागत नाही. म्हणून शेजारीच ठेवलेलं गोडेतेल त्याच गारठ्यात खुशाल पातळ राहतं.

यात आपल्या गावाचाही हात आहे. छत्रपती संभाजीनगर पठारावरचं, समुद्रापासून लांबचं शहर. हिवाळ्यात इथली हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आभाळात सोडून देते, आणि ती अडवायला वर ढगांचं पांघरूण नसतं. पहाटे पारा 10-12 अंशांवर, तर दुपारी 28-30 वर. म्हणजे 24 ची ती रेघ आपण रोज दोनदा ओलांडतो. मुलं शाळेत जातात तेव्हा खिडकीतली बाटली घट्ट असते, परत येतात तेव्हा पातळ.

रिक्षात बसल्यावर धाकट्याचं इंजिन सुरू होतं. तोंडाचा चंबू करून तो वाफ सोडतो, आणि रिक्षा संत एकनाथ रंगमंदिरापाशी पोचेपर्यंत सगळी मुलं इंजिन झालेली असतात. ही वाफ आपण बारा महिने सोडतो. 30 अंशांची एक घनमीटर हवा सुमारे 30 ग्रॅम बाष्प पोटात ठेवू शकते, 10 अंशांची जेमतेम 9 ग्रॅम. ओठांबाहेर पडलेला उबदार श्वास एकदम गार झाला की जास्तीचं बाष्प बारीक थेंब होऊन पांढरं दिसतं. मे महिन्यातही तो श्वास तितकाच ओला असतो. थंडी त्याला डोळ्यांपुढे आणते, एवढंच.

संक्रांत जवळ आली की लेकीची तक्रार ठरलेली: "दिवस मोठा व्हायला लागला म्हणता, मग सकाळी अंधार का वाढतोय?" तिचं बरोबर आहे. सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरचा. पण आपल्याकडे सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो, तो येतो जानेवारीच्या मध्यावर. पृथ्वीचा आस कललेला आहे, शिवाय जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्याच्या सर्वांत जवळ येऊन वेगाने फिरत असते. या दोन्हींमुळे घड्याळातली खरी मध्यान्ह रोज काही सेकंद पुढे सरकते आणि सूर्योदयालाही आपल्याबरोबर ओढून नेते. दिवस तिळातिळाने वाढतो हे खरंच, पण तो वाढतो संध्याकाळच्या टोकाला.

याच दिवसांत आमच्या चार महिन्यांच्या पुतणीचं बोरन्हाण झालं. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याचे वाळे. तिळावर थेंबथेंब पाक सोडत, मंद आचेवर तासन्‌तास हलवत राहावं, तेव्हा कुठे पाकातलं पाणी उडून साखरेचे स्फटिक काट्यासारखे उभे राहतात. कोरड्या थंडीत हा काटा छान फुलतो. बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, गोळ्या ओतल्या आणि पोरांची एकच झुंबड उडाली. त्या लुटीतलं बोर चावताना पहिलीतल्या धाकट्याचा खालचा, पुढचा दात पडला.

तो दात मी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, आणि खाली मूळ जवळजवळ नाहीच. दुधाच्या दाताला आधी चांगलं लांब मूळ असतं. खालून पक्का दात वर येऊ लागला की शरीरातल्या खास पेशी ते मूळ हळूहळू विरघळवतात. दात हलू लागतो तो हे काम बरंच पुढे गेल्यावर.

पण मला थक्क केलं ते पुढच्या गोष्टीने. आता त्या जागी येणारा पक्का दात कठीण व्हायला सुरुवात होते ती मूल तीन-चार महिन्यांचं असताना! धाकटा सप्टेंबरचा. म्हणजे सहा वर्षांपूर्वी त्याचं बोरन्हाण चाललं होतं, आम्ही त्याच्या बोळक्या हसण्याचे फोटो काढत होतो, तेव्हा त्याच हिरडीच्या आत या दाताच्या टोकाशी पहिला कठीण थर धरू लागला होता. दुधाचा दातही अजून उगवला नव्हता, आणि त्याच्या जागी येणाऱ्याची तयारी सुरू झालेली!

हे सांगितल्यावर धाकटा पुतणीपाशी गेला. ती हसली तेव्हा वाकून तिच्या तोंडात पाहू लागला. नुसती गुलाबी हिरडी.

"आजी, हिचा कुठंय?"

"आत आहे रे बाबा," आजी म्हणाली. "चाललंय त्याचं काम."