वाघळांच्या पन्नास वर्षांचा मागोवा

दिवेलागणीच्या सुमारास गावाबाहेरील जुन्या वडावरून एकामागून एक उठून, चार फूट पंख पसरून संथपणे फळझाडांच्या दिशेने जाणारी मोठी वाघळे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना या प्राण्याची सरकारदप्तरी काय किंमत होती हे ऐकून विस्मय वाटेल. 1972 साली वन्यजीव संरक्षण अधिनियम संमत झाला, तेव्हा वाघसिंहांना अभय देणाऱ्या त्याच कायद्याने फलाहारी वाघळांना कावळ्याउंदरांच्या पंक्तीस, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसविले. त्यांच्या शिकारीस परवाना लागेना, की कोणी जाब विचारीना.

बागाईतदारांची फिर्याद अगदीच निराधार होती असे नाही. पिकलेल्या पेरूचिकूंवर वाघळे येतात. परंतु खर्चाची बाजू मांडणाऱ्यांनी जमेची बाजू पाहिलीच नाही. मोहाच्या फुलांचे परागीभवन करणारा, वडउंबराचे बी कोसच्या कोस दूर नेऊन टाकणारा हा निशाचर बिनपगारी वनरक्षकच होय. शिवाय मादीला वर्षाकाठी एकच पिल्लू होत असल्याने, एकदा मोडलेली वसाहत सहसा लवकर सावरत नाही.

कायदा उदासीन असता रक्षणाचा भार उचलला तो खेड्यांनी. मदुरैजवळच्या पुलियंगुळम येथे वडावरची वाघळे मुनी या ग्रामदेवतेच्या आश्रयाला आहेत, अशा श्रद्धेने लोकांनी त्यांना सांभाळले. तमिळनाडूतील काही गावांनी तर त्यांना भय वाटू नये म्हणून दिवाळीचे फटाकेही वर्ज्य केले. दुसरीकडे संशोधक वाघळांची बाजू चिकाटीने मांडीत राहिले. 2018 साली कोझिकोडकडे निपाहची साथ उद्भवली आणि 2020 साली करोनाने जग ग्रासले, तेव्हा भयभीत लोक वाघळांच्या जिवावर उठले. त्या वेळी दक्षिण आशियातील अभ्यासकांनी संयुक्त निवेदन काढून, वसाहती उद्ध्वस्त केल्याने रोग टळत नाही, हे बजावले.

अखेर डिसेंबर 2022 मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीच रद्द झाली, आणि 1 एप्रिल 2023 पासून ही दुरुस्ती अमलात आली. पन्नास वर्षांचा कलंक असा एका कलमाने पुसला गेला, हे खरेच. तथापि रस्तारुंदीकरणाच्या नकाशावर जो वड कापावयाचा म्हणून खुणावला जातो, त्याच्या फांद्यांवर दिवसा कोण टांगलेले आहे, हे कुऱ्हाड चालविण्यापूर्वी एकदा मान वर करून पाहावे, एवढी विनंती प्रत्येक अंमलदारास आणि गावकऱ्यास करावीशी वाटते.