परदेशातील मुलाचा पैसा : रानात, घरात की शेअरमध्ये?



आपल्या सभासदांची मुले आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. कुणी आखातात आहे, कुणी जर्मनीत, कुणी अमेरिकेत. उसाच्या बिलावर ज्यांचे शिक्षण केले, ती पोरे आज घरी पैसे पाठवतात, ही समाधानाची गोष्ट आहे. पण पैसे आले की घरात दोन तट पडतात. वडील म्हणतात, "शेजारचं रान विकायला निघालंय, घेऊन टाकू." मुलगा फोनवर म्हणतो, "आबा, रान नको. शेअरमध्ये टाकू." वजनकाट्यावर गाडीची पाळी येईपर्यंत हीच चर्चा आमच्या कानी पडते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

रानाचा मोह आणि कायदा

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नोकरीसाठी परदेशी राहणारा मुलगा, मग तो सात पिढ्यांचा शेतकरी का असेना, परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे भारतात शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. फार्महाऊसही घेता येत नाही. वडिलांनी बक्षीसपत्राने देतो म्हटले तरी चालत नाही. वारसाने आलेली किंवा परदेशी जाण्यापूर्वीची जमीन मात्र तो ठेवू शकतो. राहते घर, फ्लॅट, दुकानगाळा घ्यायला त्याला मोकळीक आहे.

मग पुष्कळ जण म्हणतात, "पोराचा पैसा आणि सात-बारा माझ्या नावावर. त्यात काय बिघडलं?" बिघडते ते पुढे. पैसा मुलाचा आणि खरा मालकही तोच, पण कागदावर नाव दुसऱ्याचे, असा व्यवहार बेनामी ठरू शकतो. हा कायदा २०१६ साली चांगलाच कडक झाला आहे. बरे, मुलाने पैसे बक्षीस म्हणून दिले आणि वडिलांनी रान घेतले, तर ते रान वडिलांचे झाले. वडिलांनी मृत्युपत्र केले नाही, तर आई, सगळे मुलगे आणि मुली सारखे वारस होतात. मग परदेशातला म्हणतो, "पैका माझा," इथला म्हणतो, "राबलो मी," आणि बहीण म्हणते, "माझा हिस्सा कुठाय?" तिघांचेही खरेच असते. भाऊबंदकीची किती प्रकरणे अशीच उभी राहतात, हे आपणांस सांगायला नको.

कुलूपबंद फ्लॅट

फ्लॅट घेतला तर त्याला कुणीतरी बघणारा पाहिजे. भाडेकरू, सोसायटीचा देखभाल खर्च, घरपट्टी, गळणारे छत हे सारे इथल्या भावाच्या गळ्यात पडते. मुलाला येता आले नाही तर कुलमुखत्यारपत्र करावे लागते. ते तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणावे आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे. विकताना आणखी एक मेख आहे. अनिवासी माणसाकडून घर घेणाऱ्याला किमतीतून कर कापून सरकारात भरावा लागतो. कमी कपातीचा दाखला आधी काढला नसेल तर बरीच रक्कम अडकून पडते. नव्या इमारतीत घर घेताना महारेराचा नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

कारखान्याचा शेअर आणि बाजारातला शेअर

आपल्याला शेअर ठाऊक आहे तो कारखान्याचा. तो आपण ऊस घालण्यासाठी घेतला. शेअर कितीही असोत, मत एकच, आणि त्याचा भाव रोज वर-खाली होत नाही. बाजारातल्या शेअरची जात वेगळी. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक २००८ च्या जानेवारीत २१ हजारांच्या आसपास होता, तो २००९ च्या मार्चमध्ये ८ हजारांच्या घरात आला. ज्यांनी घाबरून विकले ते बुडाले. ज्यांनी चांगल्या कंपन्यांचे शेअर धरून ठेवले, त्यांना पुढे वाढ मिळाली. अडसालीला सोळा-अठरा महिने थांबतो, तसे इथे सात-आठ वर्षे थांबण्याची तयारी हवी. मुलीच्या लग्नाचा किंवा दवाखान्याचा पैसा तिथे नको.

शेअरची सोय अशी की मुलगा तिकडे बसून आपल्या नावावर घेतो आणि विकतो. थोडेथोडके विकता येतात. फ्लॅटची एक खोली काही विकता येत नाही. मात्र परदेशी जाताना जुने बचत खाते आणि डीमॅट खाते अनिवासी करून घ्यावे. अमेरिकेतल्या मुलांनी आधी तिथल्या करसल्लागाराला विचारावे, कारण भारतीय म्युच्युअल फंडावर तिथला कर फार किचकट आहे.

रुपयाचाही विचार करावा. २००८ च्या सुरुवातीला डॉलर ४० रुपयांच्या आसपास होता, २०२२ च्या अखेरीपासून तो ८० च्या वर आहे. मुलगा परत येणार असेल तर त्याला पुढे रुपयेच लागणार. तिकडेच राहणार असेल, तर इथला नफा डॉलरमध्ये मोजताना निम्मा दिसू शकतो.

आमचे मत

मुलगा परत येणार आहे काय, हे आधी त्यालाच विचारा. येणार असेल तर राहण्यापुरते एक घर त्याच्या नावाने जरूर घ्यावे. येणार नसेल तर केवळ गावात नाव राहावे म्हणून कुलपे वाढवू नयेत. पैसे आल्यावर प्रथम सोसायटीचे कर्ज फेडावे, आई-वडिलांच्या आजारपणासाठी बँकेत ठेव ठेवावी. उरलेले मुलाने स्वतःच्या नावाने, दरमहा थोडे थोडे, चांगल्या फंडात घालावे. आणि रान घ्यायचेच ठरले, तर ते कुणाचे राहणार हे सगळ्या भावंडांसमोर बोलून वडिलांनी मृत्युपत्र करून ठेवावे.

पोराने परमुलखात कष्ट करून पाठवलेला पैसा घर जोडण्यासाठी आहे, मोडण्यासाठी नव्हे. येत्या सुट्टीत मुले घरी येतील तेव्हा सर्वांनी एकत्र बसून याचा विचार व्हावा, एवढीच विनंती.