कुंडीतली लिंबोणी: कुंडी कधी बदलायची, कशी बदलायची?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा हात मातीत असताना पायऱ्या पुन्हा बघायच्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलतानाचं अडखळणं काढलंय, बाकी सगळं तेच.

गेल्या आठवड्यात आईचा परभणीहून फोन आला. "रोज पाणी टाकायले मी, तरी दुपारी पानं मान टाकायलेत. काय करू सांग." ती बोलत होती गच्चीवरच्या लिंबोणीबद्दल. हे झाड बाबांनी आणलेलं. बाबा आता नाहीत, त्यामुळे हे झाड वाचणं आमच्या घरात जरा जास्तच महत्त्वाचं आहे.

आधी माझी चूक

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी घरून काम करत होतो. कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा बघून येताना बाबांनी रस्त्यावरच्या एका नर्सरीतून कागदी लिंबाची दोन रोपं घेतली. एक त्यांनी ८ इंची मातीच्या कुंडीत लावलं. दुसरं माझ्या ताब्यात आलं. मी विचार केला, सारखी सारखी कुंडी कशाला बदलायची? एकदाच मोठ्ठी देऊ! २०० लिटरचा निळा ड्रम अर्धा कापला, शेतातली काळी माती भरली आणि मधोमध रोप लावलं. बाबा एवढंच म्हणाले, "लेकराला बापाचा सदरा घातलास." मी हसलो.

पोळ्याच्या आत ते रोप गेलं. उपटून बघितलं तर मुळं काळी, मऊ आणि कुजका वास. बाबांचं रोप मात्र मस्त वाढत होतं.

मोठी कुंडी वाईट का?

हा साधा हिशोब आहे. कुंडीचा व्यास आणि उंची दोन्ही दुप्पट केली की आत मावणारी माती दुप्पट होत नाही, आठपट होते. माझ्या रोपाची मुळं जेमतेम तीन लिटर मातीत होती, आणि मी दिली शंभर लिटर. मुळं जिथपर्यंत पोचतात तिथलंच पाणी ती ओढतात. बाकीची माती ओलीच राहते. ओल्या मातीत हवा नसते, आणि मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते. हवा नाही म्हटलं की मुळं कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं.

आता एक प्रयोग करून बघा. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. मग तोच स्पंज उभा करा. अजून पाणी गळेल! स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीतही असंच होतं. पाणी निथळल्यावरही तळाशी मातीचा एक थर गच्च ओला राहतो. त्या थराची जाडी मातीवर ठरते, कुंडीवर नाही. म्हणून पसरट कुंडीपेक्षा उभी कुंडी फळझाडाला चांगली.

आणि तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा जाड थर द्यायचा, हे सगळे सांगतात. त्यानं निचरा वाढत नाही. उलट तो ओला थर तेवढा वर सरकतो, मुळांच्या अजून जवळ. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे.

आपल्या काळ्या मातीचं काय?

परभणीची काळी माती शेतात सोनं आहे, कापूस-सोयाबीन तिच्यावरच उभं आहे. कुंडीत मात्र ती त्रास देते. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसून भेगा पडतात. उन्हाळ्यात कुंडीतला मातीचा गोळा कडेपासून सुटतो. वरून टाकलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. छिद्रातून पाणी आलं की आपल्याला वाटतं झाड पाणी प्यालं, पण आतला गोळा कोरडाच! आईच्या झाडाचं अर्धं दुखणं हेच होतं.

उरलेलं अर्धं कळायला तिला कुंडी आडवी करून तळ बघायला सांगितला. व्हिडिओ कॉलवर छिद्रातून बाहेर आलेली मुळं दिसली. म्हणजे कुंडीत जागाच उरली नव्हती.

बदलायची वेळ आली, हे कसं ओळखायचं?

- तळाच्या छिद्रातून मुळं डोकावतात.
- पाणी टाकल्याबरोबर खालून निघून जातं.
- सकाळी पाणी देऊनही दुपारी पानं मलूल होतात.
- नवीन फूट येणं थांबतं.

पण पानांवर नागमोडी पांढऱ्या रेषा असतील तर ती नागअळी. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती फुलपाखराची अळी, पानं कुरतडते. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर बहुतेक लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात हे नेहमीचं आहे. यातलं काहीही कुंडी बदलून बरं होत नाही.

कधी करायचं?

एप्रिल-मे मध्ये अजिबात नाही. ४२-४३ अंशांत झाडाची मुळं तोडणं म्हणजे उपाशी माणसाला पळायला लावणं. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला, हवा जरा थंडावली, की मग करा. वेळ संध्याकाळची. पाऊस लांबला तर थांबा. तोपर्यंत कुंडी सावलीला सरकवा आणि बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. आईला मी हेच सांगितलं. आणि पाणी एकदम ओतू नको, दहा-दहा मिनिटांनी तीन वेळा थोडं थोडं टाक म्हटलं, म्हणजे गोळा भिजतो. दोन दिवसांत पानं सावरली.

आता पायऱ्या

१. कुंडी: आधीच्यापेक्षा दोन ते चार इंच मोठी, बस. ८ इंचीतून १० किंवा १२ इंचीत. आपल्याकडच्या उन्हाला मातीची कुंडी चांगली, माठासारखी गार राहते. काळं प्लास्टिक गच्चीवर तापतं आणि कडेची मुळं भाजतात.

२. माती: एक भाग काळी किंवा गाळाची माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. वर दोन मूठ निंबोळी पेंड. शेण ताजं नको, त्यात हुमणी येते आणि ते कुजताना तापतं. कोकोपीट घालणार असाल तर दोनदा धुवून घ्या, त्यात क्षार असतात.

३. आदल्या दिवशी पाणी: गोळा ओलसर असला की फुटत नाही.

४. झाड काढा: कुंडी आडवी करून कडेनं थोपटा. खोड धरून उपटू नका. नर्सरीची काळी पिशवी असेल तर ती पूर्ण कापून काढा, खालीही ठेवू नका.

५. मुळं बघा: हे सगळ्यात महत्त्वाचं. मुळं कुंडीच्या भिंतीला धरून गोल फिरली असतील तर बोटांनी सोडवा. घट्ट असतील तर स्वच्छ ब्लेडनं गोळ्याला बाजूनं तीन-चार उभे छेद द्या. गोल फिरलेलं मूळ तसंच ठेवलं तर मोठ्या कुंडीतही ते गोलच फिरत राहतं. पण सगळा गोळा फोडू नका, बारीक मुळं तुटतात आणि पाणी तीच ओढतात.

६. पातळी: जुन्या मातीची पातळी तीच ठेवा. खोड मातीत पुरलं की बुंधा सडतो. डोळा भरलेलं कलम असेल तर जोड मातीच्या वर हवा, आणि जोडाखालून फुटलेली फांदी काढून टाका. ती फांदी खुंटाची, तुमच्या लिंबाची नाही.

७. नंतर: छिद्रातून वाहेपर्यंत पाणी. आठ-दहा दिवस सावली. महिनाभर खत नाही. बारीक फळं असतील तर तोडा. जीवावर येतं, पण झाडाला आधी मुळं करू द्या.

शेवटची कुंडी

वाढत वाढत १८-२० इंची कुंडी आली की पुढे थांबायचं, नाहीतर उचलणार कोण? तिथून दर दोन-तीन वर्षांनी झाड काढायचं, गोळ्याच्या कडेनं आणि तळाचा इंच-दीड इंच थर मुळांसकट कापायचा, नवी माती भरून त्याच कुंडीत परत लावायचं. मुळं कापली तेवढ्या प्रमाणात वरच्या फांद्याही थोड्या छाटायच्या. कमी मुळांवर जास्त पानांचा भार नको.

नवीन रोप घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९७२ साली परभणीत सुरू झालेल्या आपल्या कृषी विद्यापीठानं, म्हणजे आताच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं, कागदी लिंबाचे विक्रम, प्रमालिनी आणि चक्रधर हे वाण दिलेत. विक्रमला घोसानं लिंबं लागतात, चक्रधरला काटे नसतात. गच्चीवर लहान लेकरं खेळत असतील तर हे लक्षात ठेवा.

मी पुढच्या शनिवारी परभणीला चाललोय. पाऊस पडला असेल तर कुंडी मीच बदलणार, १० इंचीच आणणार. ड्रमचा उरलेला अर्धा भाग अजून गच्चीवर आहे, आई त्यात कोथिंबीर लावते.

तुमच्या झाडाच्या मुळांचा फोटो पाठवा, पानांचा नको. पानं फक्त तक्रार करतात, कारण खाली असतं. भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या!