माल, मार्का आणि दार : पेशीतील प्रथिनांची वाहतूक

आमचे आयुष्य हमाल आणि जिनिंगचे कामगार यांच्यात गेले. शास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही. वाचनालयातली पुस्तके रात्री वाचून जे उमगले तेवढेच येथे सांगणार आहोत. पेशीतील प्रथिनांच्या वाहतुकीचा विषय बुलढाण्यात कशाला, असे कोणी विचारील. आपल्या कपाशीवर पडणाऱ्या गुलाबी बोंडअळीचे एक मर्म या वाहतुकीत दडलेले आहे, म्हणून तो घेतला.

रुईची गाठ बांधून झाली म्हणजे काम संपले, असे खामगावचा व्यापारी कधीच समजला नाही. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० साली झाला तो मुख्यतः कापसासाठी. गाठ मुंबईला पोचल्याशिवाय तिला मोल नव्हते. पेशीतल्या प्रथिनांचेही तसेच आहे.

आपले शरीर, कपाशीचे पान, अळीचे आतडे हे सारे पेशींचे बनलेले असते. पेशीतली बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवून केलेली माळ. ही माळ रायबोसोम नावाच्या सूक्ष्म यंत्रावर ओवली जाते. पेशी ही एकच खोली नसून तिच्यात अनेक दालने असतात, आणि दालनांच्या भिंती म्हणजे स्निग्ध पदार्थाची पातळ पटले. पटलाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या हिश्शाएवढी, तरी पाण्यात रमणारे प्रथिन ती भिंत आपण होऊन ओलांडू शकत नाही. शिवाय काही प्रथिने भिंतीपलीकडे जायची नसतात. ती भिंतीतच बसवावी लागतात. पेशीची दारे, पंप आणि बाहेरचे निरोप घेणारी ग्राहके ही सारी अशी भिंतीत बसवलेली प्रथिने होत.

आता प्रश्न असा की, कोणते प्रथिन कोठे जायचे हे कोण ठरवते? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॉर्ज पालाडे यांनी प्रथिनांचा पेशीतला प्रवास दाखवून दिला. त्यांना १९७४ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांच्याच प्रयोगशाळेत आलेले ग्युंटर ब्लोबेल यांनी १९७१ साली डेव्हिड साबातिनी यांच्यासह एक कल्पना मांडली आणि १९७५ साली ती प्रयोगाने पक्की केली. कल्पना सोपी आहे. गाठीवर जसा मार्का असतो, तसा प्रथिनाच्या माळेतच तिचा पत्ता ओवलेला असतो. ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल मिळाले. लहानपणी त्यांनी ड्रेस्डेन शहर पाहिले होते, आणि १९४५ साली ते बाँबहल्ल्यांत बेचिराख झाले. पारितोषिकाची जवळजवळ सगळी रक्कम त्यांनी त्या शहराच्या पुनर्बांधणीला देऊन टाकली.

हा पत्ता कसा वाचला जातो ते पाहू. पेशीच्या आत पटलांचे एक मोठे जाळे पसरलेले असते. त्याला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. तिकडे जाणाऱ्या माळेचे पहिले पंधरा ते तीस मणी बहुधा पत्त्याचे असतात, आणि त्यांतले मधले तेलकट, पाण्याला नाखूश. हा तुकडा रायबोसोममधून डोकावला की एक वाहक कण त्याला धरतो. आमच्या भाषेत हा पेशीतला हमाल. माल धरताच तो ओवण्याचे काम मंद करतो. मालकाने घाबरू नये, हा संप नव्हे. भलत्या जागी माल उतरू नये म्हणून घेतलेली ही विश्रांती आहे. रायबोसोमसकट सारे लटांबर जालिकेच्या दाराशी आले की हमाल मोकळा होतो आणि ओवणे पुन्हा सुरू होते. माळ दारातून आत सरकू लागते, आणि काम झालेला पत्ता एक कात्रीसारखे प्रथिन छाटून टाकते.

पण भिंतीत बसवायचे प्रथिन आरपार निघून जाऊन चालत नाही. त्याची युक्ती मोठी सुरेख आहे. माळेत पुढे सुमारे वीस तेलकट मण्यांचा आणखी एक पट्टा असतो. तो दारात आला की दाराची कड बाजूने उघडते आणि पट्टा आडवा सरकून स्निग्ध भिंतीत रुततो. तेल तेलात मिळते. माळेचे एक टोक भिंतीच्या अलीकडे, दुसरे पलीकडे, आणि मधला पट्टा खिळ्यासारखा घट्ट. मग जालिकेतून लहान लहान पिशव्या सुटतात आणि असे प्रथिन मजल दरमजल पेशीच्या बाहेरच्या पटलापर्यंत नेतात.

झाडांच्या हरितकणांचा मार्ग निराळा. तेथे जाणारी प्रथिने आधी पुरी ओवली जातात आणि मग वेगळा पत्ता दाखवून हरितकणाच्या दुहेरी पटलातून आत जातात. बीटी कपाशी भारतात २००२ साली आली, तेव्हा तिच्यात एक कीडनाशक प्रथिन होते. २००६ साली आलेल्या वाणांत दोन होती, आणि दुसऱ्याला शास्त्रज्ञांनी हरितकणाचाच पत्ता जोडून दिला होता. म्हणजे ब्लोबेल यांनी ओळखलेले तत्त्व आपल्या वऱ्हाडच्या पानापानांत काम करीत आहे.

आता अळीकडे वळू. अळी पान किंवा बोंड खाते, विष आतड्यात उतरते आणि तेथील पेशींच्या पटलावर बसवलेल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. त्यातून पटलाला भोके पडतात आणि अळी मरते. पण कॅडहेरिन पटलावर पोचलेच नाही तर? चीनमधील गुलाबी बोंडअळीवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नेमके हेच दिसले. प्रथिनाचा भिंतीत रुतणारा पट्टाच बिघडलेला होता; ते आंतर्द्रव्यजालिकेतच अडकून पडले. विष आले, पण दार जागेवर नव्हते. भारतातील प्रतिकारक अळ्यांत याच प्रथिनाचे आराखडे नाना तऱ्हांनी मोडलेले असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले होते. दुसऱ्या विषाच्या बाबतीत दुसरे एक पटल-प्रथिन बिघडते. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडअळीने जो घाला घातला तो शेतकरी विसरलेला नाही.

यातून एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. अळीला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक बापाची. दोहोंपैकी एक जरी चांगली असली तरी दार तयार होते, जागेवर पोचते आणि विष लागू पडते. म्हणून प्रतिकारक पतंगाला भोवती साधे पतंग जोडीला मिळाले, तर त्यांची पिल्ले बीटीने मरतात. हे साधे पतंग वाढावेत यासाठीच बीटी बियाण्याबरोबर बिगर-बीटी बियाण्याचे पाकीट दिले जाई. पुष्कळ ठिकाणी ते पेरलेच गेले नाही. त्या कडेच्या ओळी अळीला दिलेली खिरापत वाटत; खरे पाहता ती आपल्या पिकाची राखण होती.

अळीच्या पेशीत बिघडलेले दार आपल्याला दुरुस्त करता येत नाही. पण दोन बिघडलेल्या प्रती एकत्र येण्याचे प्रसंग कमी करणे आपल्या हाती आहे. कडेला बिगर-बीटी ओळी पेराव्यात, फरदड घेऊ नये, हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे करावे, जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावावेत. यांतले कोणतेही काम एकट्याने केले तर फारसे साधत नाही, कारण पतंगाला बांध अडवत नाही. गावाने मिळून केले तरच त्याचे फळ दिसेल.