रॉकेटच्या पहाऱ्यात वाढलेले मासे

अमेरिकेत फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, केप कॅनव्हरलच्या परिसरात, गळ टाकून बसलेला माणूस दिसला नाही अशी जागा शोधूनच काढावी लागते. पुलाचे कठडे, लाकडी धक्के, खारफुटीतल्या चिंचोळ्या वाटा. काहीच नाही तर कमरेइतक्या पाण्यात उतरून उभं राहायचं. इथल्या पाण्याला इंडियन रिव्हर, बनाना रिव्हर अशी नावं असली तरी या नद्या नव्हेत. वाळूच्या लांबट पट्ट्यांनी समुद्रापासून तोडलेलं हे सुमारे अडीचशे किलोमीटरचं उथळ खाजण आहे. मोसमागून मोसम हजारो गळ पडत असलेल्या या पाण्यात फार मोठा मासा उरू नये, असंच कुणालाही वाटेल.

पण गळाने पकडलेल्या माशांच्या जागतिक विक्रमांची यादी वेगळंच सांगते. रेड ड्रम, ब्लॅक ड्रम आणि स्पॉटेड सीट्राउट या तीन माशांच्या विक्रमी वजनाच्या नोंदी फ्लोरिडात सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नाहीत. केप कॅनव्हरलच्या आजूबाजूच्या तुकड्यात त्यांची दाटी आहे.

याचं कारण माशांशी काही देणंघेणं नसलेल्या एका निर्णयात सापडतं. 1962 मध्ये इथल्या अंतराळ केंद्राच्या सुरक्षेसाठी प्रक्षेपणतळालगतचं खाजणाचं पाणी लोकांना बंद झालं. पहारा रॉकेटसाठी होता, पण त्यामुळे सुमारे 40 चौरस किलोमीटर पाण्यात मासेमारीही थांबली. बंदीच्या रेषेबाहेर गळ पूर्वीसारखेच पडत राहिले. पाणी तेच, समुद्री गवत तेच, फरक फक्त गळाचा. असा प्रयोग कुणी मुद्दाम मांडायचा म्हटलं असतं, तर त्याला परवानगी मिळणं अवघड होतं.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञांनी दोन्हीकडे सारखीच जाळी लावून पाहिली. बंद पाण्यात रेड ड्रम बाहेरच्यापेक्षा सुमारे सहापट आणि ब्लॅक ड्रम बारा पटींहून अधिक मिळाले. आकारानेही आतले मासे मोठे होते. खुणेच्या पट्ट्या लावून सोडलेल्या माशांपैकी काही पुढे रेषेबाहेरच्या गळांना लागले. म्हणजे आतला साठा आतच कोंडून राहत नव्हता, शेजारच्या पाण्यात उतरत होता.

2001 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कॅलम रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी या विक्रमांचा कालक्रम तपासला, आणि सगळ्या कहाणीतला सर्वांत बोलका पुरावा मला तोच वाटतो. सीट्राउट जेमतेम पंधरा वर्षं जगतो. त्याचे विक्रम बंदीनंतर सुमारे 9 वर्षांनी वाढू लागले. पस्तीसेक वर्षं जगणाऱ्या रेड ड्रमला 27 वर्षं लागली. सत्तरीपर्यंत पोचू शकणाऱ्या ब्लॅक ड्रमला 31. जितकं माशाचं आयुष्य लांब, तितकी वाट अधिक पाहावी लागली. मासा मोठा व्हायचा तर आधी त्याला म्हातारं होऊ द्यावं लागतं.

या निष्कर्षावर आक्षेपही आले. जागतिक विक्रम दोरीच्या ताकदीनुसार वेगवेगळ्या गटांत नोंदवले जातात. त्यामुळे हौशी मंडळी मुद्दाम बारीक दोरी घेऊन एखाद्या प्रसिद्ध जागी विक्रमामागे लागतात, असं टीकाकारांचं म्हणणं. फ्लोरिडात माशांच्या आकाराचेही कडक नियम आहेत. रेड ड्रम 18 ते 27 इंचांचाच ठेवता येतो, त्याहून लहान-मोठा सोडून द्यावा लागतो. या नियमाने काही मोठे मासे वाचले असणारच. तरी जाळ्यांच्या चाचणीत रेषेच्या दोन बाजूंना दिसलेला फरक दोरीच्या जाडीने समजावता येत नाही.

हे तिन्ही मासे सायनिडी कुळातले, म्हणजे आपल्या घोळीचे, कोथाचे आणि ढोम्यांचे भाऊबंद. हवेच्या पिशवीलगतचे स्नायू थरथरवून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढणं ही या कुळाची खासियत. घोळीची तीच पिशवी, कोळी जिला बोत म्हणतात, ती आज तिच्या जिवावर उठली आहे. सोन्याच्या मोलाने विकली जाते आणि पूर्ण वाढलेली घोळ किनाऱ्याजवळ दिसणं ही बातमी होते. मोठ्या मादीला महत्त्व आहे ते वेगळ्याच कारणाने. दुप्पट वजनाची मादी दुपटीहून जास्त अंडी घालते, असं माशांच्या असंख्य जातींत आढळलं आहे.

मग आपल्याकडेही असं पाणी बंद करावं का? मालवणला 1987 मध्ये सुमारे 29 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, आणि स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. त्यांचं भय खोटं नाही. फ्लोरिडात गळ टाकणारा बहुतेक वेळा सुट्टीवर आलेला असतो; मालवणात रापण ओढणाऱ्याची चूल त्याच पाण्यावर पेटते. त्याला ‘27 वर्षं थांबा’ सांगणाऱ्याने मधल्या वर्षांच्या पोटापाण्याचं काय, तेही सांगायला हवं. त्याला विचारून, त्याच्याच अनुभवावरून जागा ठरवली तर गोष्ट वेगळी.

खुद्द केप कॅनव्हरलच्या खाजणाची पुढची हकीकत सुखाची नाही. 2011 पासून खतांच्या आणि सांडपाण्याच्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शैवालाचे प्रचंड बहर येऊ लागले. गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचेना आणि हजारो एकर समुद्री गवत मेलं. मार्च 2016 मध्ये पाण्यातला प्राणवायू संपून मेलेल्या माशांचा खच पडला, आणि त्यात पहाऱ्याची रेषा काहीच अडवू शकली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये तिथल्या सगळ्या खाजणात रेड ड्रम पकडला तर सोडून देणं सक्तीचं झालं.